चिपाडाचा फोम आवाज का शोषत नाही? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्यांचा खणखणाट आहे आणि ऊस तर बेळगाव-निपाणी पट्ट्यात दारातच उभा. तेव्हा पॉलियुरेथेन फोममध्ये चिपाडाचे तंतू घालून कंप्रेसरच्या खोलीला अस्तर लावायचं, असा प्रोजेक्ट इंजिनिअरिंगच्या मुलांना सुचणं साहजिकच आहे. पण रिपोर्टात ‘तंतूंमुळे शोषण वाढले’ असं वाचलं की मी आधी विचारतो, तंतू वाळवले होते का रे?

बहुतेक घोळ इथेच असतो. हा फोम पॉलिऑल आणि आयसोसायनेट या दोन द्रवांपासून बनतो. आयसोसायनेट आणि पाण्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यानेच फोम फुगतो. म्हणून फॉर्म्युल्यात पाणी मोजून घालतात. पण 1 ग्रॅम पाणी जवळजवळ 14 ग्रॅम एमडीआय (म्हणजे आपलं आयसोसायनेट) खातं. आता 100 ग्रॅम पॉलिऑलमध्ये 3 ग्रॅम तंतू घातले आणि त्यांत 10 टक्के ओल असली, तर 0.3 ग्रॅम न मोजलेलं पाणी आत गेलं. फॉर्म्युल्यात 3 ग्रॅम पाणी असेल तर हा दहावा हिस्सा जास्तीचा, वर 4 ग्रॅमच्या आसपास एमडीआय फुकट. फोम भसकन फुगतो, मग बसतो किंवा आतून फाटतो. आणि आपल्याकडचा जुलै! खानापूरच्या बाजूला तर कपडे आठवडाभर वाळत नाहीत, चिपाड कुठून वाळणार? ओव्हनमध्ये 105 अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा आणि थंड होताना हवाबंद डब्यात. उघड्यावर ठेवून चहाला गेलात तर परत पहिले पाढे.

तंतू बारीक कापून आधी पॉलिऑलमध्ये घोटा, आयसोसायनेट शेवटी. हातमोजे, मास्क, उघड्या खिडक्या हव्यातच. आयसोसायनेटच्या वाफेने एकदा दमा लागला की पुढे थोडीशी वाफही सोसत नाही. तंतू जास्त झाले की मिश्रण पिठल्यासारखं घट्ट होतं आणि फोम नीट उठत नाही. दोन-तीन टक्क्यांपासून सुरुवात करा. शेजारी बिनतंतूचा, त्याच घनतेचा नमुना हवाच. तो नसेल तर फरक तंतूंचा की नुसत्या घनतेचा, कसं सांगणार?

साच्याला टेकलेल्या बाजूला फोमवर घट्ट कातडी धरते. तिच्यातून हवा आत शिरत नाही, मग आवाज तरी कसा शिरेल? ती कापून काढा आणि तुकड्याला तोंड लावून फुंकर मारा. हवा अजिबात पलीकडे जात नसेल तर आतले कप्पे बंद आहेत. असा फोम थंडी अडवेल, आवाज शोषण्यात मात्र कच्चाच. फुंकर ही काही चाचणी नव्हे, पण इम्पिडन्स ट्यूबवरचा (एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला नमुना ठेवून शोषण मोजायची नळी) अर्धा दिवस वाचवते.

इम्पिडन्स ट्यूबमध्ये नमुना सैल बसला तर कडेच्या फटीने आलेख बिघडतो. कोंबून बसवला तर फोम दबतो, तेही खोटंच. धारदार गोल कटरने कापा, कडेला व्हॅसलीनचा पातळ हात द्या. ठोकळ्याच्या वरून, मधून, खालून एकेक नमुना घ्या, कारण घनता सगळीकडे सारखी नसते. 100 मिलिमीटर व्यासाच्या ट्यूबचं मोजमाप साधारण 2000 हर्ट्झपर्यंतच खरं. वरचं हवं तर 30 मिलिमीटरची नळी घ्या. ट्यूबमध्ये शोषणगुणांक (आदळलेल्या आवाजाचा किती हिस्सा शोषला तो आकडा) 1 च्या वर गेला तर पेढे वाटू नका, माइकचं कॅलिब्रेशन तपासा. रिव्हर्बरेशन रूममध्ये (आवाज घुमणाऱ्या, चाचणीच्या मोठ्या खोलीत) तो कडांच्या परिणामामुळे 1 च्या वर जाऊ शकतो, म्हणून दोन्हींचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडू नयेत.

शेवटी अपेक्षेचा घोळ. 500 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास 69 सेंटिमीटर असते. तिच्यापुढे 25 मिलिमीटरचा फोम किरकोळच. कंप्रेसरची खालच्या पट्टीतली घरघर शोषायला हवी असेल तर जाडी वाढवा किंवा फोममागे हवेची पोकळी सोडा. शिवाय फोम खोलीतला घुमारा कमी करतो. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडवायला जड भिंत आणि फट नसलेला दरवाजाच लागतो.

आणि वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे हा फोम लावूच नका. जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतो. तिथे मी मुलांना सरळ रॉकवूल (दगडाच्या तंतूंचं, न जळणारं अस्तर) घ्यायला सांगतो, प्रोजेक्ट दुसऱ्या खोलीत करा म्हणतो.