आठवड्यातले दोन तास स्वतःसाठी

दिवेलागणीला सासूबाईंची घालमेल वाढते. स्मृतिभ्रंशात असं बऱ्याचदा होतं. "माले घर जानं शे," हे शंभरदा ऐकून मीच रडकुंडीला यायचे.

१. शेजारणींना "अधूनमधून येत जा" म्हटलं की कोणी येत नाही. नेमकं मागा: "मंगळवारी आणि शुक्रवारी ५ ते ६ सासूबाईंजवळ बसाल का?" आमच्या जळगावच्या गल्लीत दोघी लगेच तयार झाल्या.

२. ओट्यावर सूपभर भुईमुगाच्या शेंगा ठेवा. शेंगा फोडताना जुने हात रमतात.

३. तुम्ही घराबाहेरच पडा. घरात थांबलात तर भांडीच घासाल.

दाणे तोंडात टाकून ठसका लागत असेल, तर शेंगांऐवजी घड्या घालायला कपडे द्या.

फारच असह्य झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो.