पणजोबांचा जन्म नोंदीत सापडत नव्हता, शेवटी कसा सापडला (माझा अनुभव)

आमचं गाव राजापूर तालुक्यात. वंशावळ काढताना पणजोबांपाशी सगळं थांबायचं, त्यांच्या वडिलांच्या नावाखाली मुलाचा जन्मच नाही, आणि आजी म्हणायची शिमग्यात पालखी घरी आली की एक नारळ खालच्या वाडीतल्या एका घराच्या नावाने ठेवायचा, का ते कोणालाच ठाऊक नाही. चार वर्षं गेली, रडायचंच बाकी होतं.

पणजोबांचा शाळेचा दाखला काढला, त्यात वडिलांचं तेच नाव. ऑनलाइन सातबारा तेवढा मागे जात नाही.

जमलं ते असं. आधी सातबाऱ्यावरचे फेरफार नंबर (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक) उतरवले, मग प्रत्येक फेरफारातून त्याच्या आधीचा गाठत तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नकला घेतल्या. जुनं बरंचसं मोडीत, ते मोडी येणाऱ्याकडूनच वाचून घ्या, अंदाजाने नको. एका वारस नोंदीत पणजोबांच्या नावापुढे 'दत्तक' आणि जन्मदात्या वडिलांचं नाव! मग ते नाव घेऊन कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, मागवलं. यात बाळाचं नाव बहुतेक नसतं, नुसतं 'मुलगा', म्हणून बापाच्याच नावाने शोधायचं, हे मला आधी कळलं असतं तर. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी, पण ओळ स्पष्ट: खालची वाडी, नारळवालं घर.

यंदा शिमग्यात आत्येने नारळ ठेवताना ते नाव मोठ्याने घेतलं.