मराठवाड्यातल्या गावात समुपदेशन करताय? या चुका टाळा

पहिल्याच भेटीत ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही’च येणार. बीड-परभणीकडचा माणूस ‘झोप लागंना’, ‘कशात मन लागंना’ असं सांगतो. बायका बऱ्याचदा डोकेदुखी, हातापायाच्या मुंग्या इथून सुरुवात करतात. धागा तिथूनच धरा.

सगळ्यात महागात पडतो तो गुप्ततेतला ढिसाळपणा. शहरात दार लावलं की भागतं. गावात दारापुढं थांबलेली गाडीच सगळं सांगून टाकते. ‘मानसिक आरोग्य’ लिहिलेली गाडी एखाद्या अंगणात उभी राहिली, तर गोष्ट त्या घरातल्या पोरीच्या सोयरिकीपर्यंत जाते. त्यापेक्षा बीपी-शुगर तपासणीच्या दिवशी उपकेंद्रात बसा. रांगेत कोण कशासाठी आलंय, ते कुणाला कळत नाही. आशाताईंशिवाय तुमचं पान हलणार नाही, पण त्या त्याच गावच्या, कधी भावकीतल्याही. त्यांना पुढची तारीख सांगा, आतलं बोलणं नाही. आणि सासू शेजारी असताना सुनेला प्रश्न विचारण्यात काही अर्थ नसतो.

आत्महत्येबद्दल विचारलं की तो विचार डोक्यात शिरतो, हा समज काढून टाका. ‘काका, जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. ‘हो’ म्हणाले, तर फवारणीचं औषध घरात कुठं आहे ते त्याच बैठकीत विचारा आणि घरच्यांना सांगून तिथून हलवायला लावा. जिवाचा प्रश्न आला तर मी घरच्यांशी बोलेन, हे मात्र पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. आधी तसा प्रयत्न झाला असेल, तर पोलिसांच्या धाकानं घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखाली होता असं मानून शिक्षेपासून वाचवतं, हे त्यांना समजावून सांगा.

कुणी देवऋषाकडं जाऊन आलं असेल तर रागावू नका. रागावलात की पुढचं सांगणं बंद.

ऊसतोडीच्या गावांत जानेवारीची तारीख देऊन ‘पेशंट आला नाही’ अशी नोंद करणं ही तर आपलीच चूक. दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, बाहेर पडतात, ते उन्हाळ्यात परततात. निघण्याआधी त्यांचा स्वतःचा नंबर घ्या, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नको. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लिहून द्या. तिथं चोवीस तास मराठीत बोलता येतं. गोळ्या चालू असतील तर मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी सोबत द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती दाखवता येईल.