पशुवैद्यकीयसाठी ग्रुप बदलताय? आधी या चुका टाळा

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. दिवाळी झाली की माझ्या टेबलासमोर एखादं पोरगं आणि त्याच्या मागे टोपी हातात धरलेले वडील उभे राहतात. "मॅडम, ह्याला आता ढोराचा डॉक्टर व्हायचंय म्हणतोय." पोराचा ग्रुप पीसीएम, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. दहावीच्या विज्ञान भाग दोननंतर बायोलॉजीचं पान उलटलेलं नसतं. आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "किती दिवसांत होईल?"

या प्रश्नानेच माझं डोकं उठतं. ग्रुप उशिरा बदलणारी मुलं पास होतात, डॉक्टरही होतात. जी बुडतात ती दरवर्षी त्याच दोन-तीन ठिकाणी बुडतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त नीटकडे, म्हणजे देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेकडे, बघणं आणि बारावीची गुणपत्रिका विसरणं. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यकीयच्या पदवीसाठी, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय लागतात. खुल्या गटाला या चारांत मिळून 50 टक्के लागतात. ते असतील तरच तुमच्या नीटच्या गुणांना किंमत.

आमच्याकडे एक पोरगा होता. बायफोकलला, म्हणजे व्यावसायिक विषय म्हणून, कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं; बायोलॉजी नाहीच. 2022 मध्ये तो बारावीला असताना जनावरांचा लम्पी रोग आला आणि घरची देवणी जातीच्या खोंडांची जोडी फुटली. एक खोंड गेला, एक अंगभर गाठी घेऊन वाचला. त्या पंधरा दिवसांत पोराने डॉक्टरांच्या मागे सलाईनची बाटली धरून गोठ्यात रात्री काढल्या आणि तिथेच ठरवलं. इथवर सगळं चांगलं. बारावी झाल्यावर त्याने एका शहरातल्या क्लासला रिपीटरच्या बॅचमध्ये नाव घातलं. फी भरायला वडिलांनी सोयाबीन भाव नसताना विकलं. क्लासवाल्यांनी फी घेतली, टेस्ट घेतल्या, भिंतीवर रँक लावल्या, पण वर्षभरात "तुझ्या बारावीला बायोलॉजी आहे का?" हे एकानेही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं नीटमध्ये बायोलॉजीचा पेपर देतोय, म्हणजे बायोलॉजी झाली.

नीटला गुण बरे पडले. पेढे वाटले. कागदपत्रांच्या तपासणीला टेबलापलीकडच्या माणसाने गुणपत्रिकेवरून बोट खाली-वर फिरवलं आणि विचारलं, "बायोलॉजी कुठंय?" एवढ्यावर वर्ष संपलं.

मग तो माझ्याकडे आला. राज्य मंडळात अशा मुलांसाठी सोय आहे, तिला 'तुरळक विषय' म्हणतात: बारावी झालेला विद्यार्थी राहिलेला विषय घेऊन फेब्रुवारीच्या परीक्षेला बसतो. मी त्याला म्हटलं, आधी दोन दिवस फॉर्मला हात लावू नकोस. गुणपत्रिका घेऊन उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा, प्रवेशाचं काम बघणाऱ्यांना भेट, आणि माहितीपुस्तिकेतल्या पात्रतेच्या ओळीचा फोटो काढून आण. तो आणल्यावरच फॉर्म भरला. ही माझी सवय आहे, लोक हसतात. पण मामाचा मित्र, क्लासचा काउन्सेलर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस यांच्या भरवशावर मी कुणाचं वर्ष लावत नाही. त्यातही मेडिकलसाठी निघालेली नोटीस व्हेटरनरीला लावायची घाई तर फारच. एमबीबीएसचे नियम करणारी संस्था वेगळी, पशुवैद्यकीयची भारतीय पशुवैद्यक परिषद वेगळी.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे प्रॅक्टिकल. मंडळाच्या बायोलॉजीत 70 गुण लेखी आणि 30 प्रॅक्टिकलचे. उशिरा येणाऱ्यांना हे 30 फुकटात मिळणारे वाटतात. "जर्नल कुणाचं तरी उतरवून घेतो मॅडम." आणि ते 'इंटिग्रेटेड' नावाचं प्रकरण, म्हणजे नाव कॉलेजात आणि शिकणं क्लासमध्ये, आल्यापासून तर मुलं कॉलेजचं तोंड फक्त हॉलतिकीट घ्यायला बघतात.

वरच्याच पोराला मी जानेवारीत कांद्याच्या मुळाची स्लाइड करायला बसवलं. आदल्या दोन-तीन दिवसांपासून ग्लासावर कांदे ठेवले होते, पांढरी मुळं सुटली होती. त्याने मूळ मधूनच कापलं. पेशी विभागतात टोकाला, तेवढं टोकच नेमकं ग्लासात राहिलं. दुसऱ्यांदा टोक घेतलं, अ‍ॅसिटोकार्मिन हा रंग टाकला, गरम करताना सगळं आटवून करपवलं. तिसऱ्यांदा कव्हरस्लिपवर अंगठा असा दाबला की काच कटकन फुटली. त्याला वाटलं मी रागवेन. मी म्हटलं, अंगठा सरळ खाली, सरकवायचा नाही. भाकरीला जसा हलका हात लागतो तसा. चौथ्या स्लाइडला मायक्रोस्कोपमधून मान वर न काढता तो बोलला, "मॅडम, मधोमध रांगेत उभे राहिलेत." गुणसूत्रं. पेशी विभागताना गुणसूत्रं अशी मधोमध येतात तो टप्पा, मेटाफेज, पुस्तकात त्याने शंभरदा वाचला असेल.

म्हणून माझ्याकडे उशिरा येणाऱ्याला पहिली अट अशी: आठवड्यातून दोन दुपारी लॅबमध्ये, आणि जर्नलमधली आकृती स्वतःच्या पेन्सिलीने. पद्धत-बिद्धत काही नाही यात. हाताने काढलेली आकृती विसरत नाही, एवढाच माझा वीस वर्षांचा अनुभव.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पीसीबीची, म्हणजे बायोलॉजीवाल्यांची, राज्याची एमएचटी-सीईटी देऊन व्हेटरनरीची वाट बघत बसणं. ती सीईटी कृषी, फार्मसी यांसाठी. पशुवैद्यकीयला नीटच.

नीटचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरला असं धरणं. राज्यातल्या जागांसाठी नागपूरच्या माफसूकडे, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे, वेगळा अर्ज लागतो. अखिल भारतीय कोट्यातल्या 15 टक्के जागांसाठी पशुवैद्यक परिषदेची प्रक्रिया आणखी वेगळी. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर अशी दोन कॉलेजं आहेत, पण "आपल्या घराजवळ आहे" हा काही पात्रतेचा निकष नाही.

अकरावी गाळणं. नीटमध्ये 180 प्रश्न, त्यातले 90 बायोलॉजीचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण. आणि त्यात अकरावी-बारावी दोन्ही. पीसीएमवाल्यांचं फिजिक्स पक्कं असतं, हे त्यांच्या हातातलं नाणं. पण बारावीचीच बायोलॉजी घोकून गेलेला पोरगा प्राण्यांच्या वर्गीकरणाला अडतो. ज्याला पुढे जनावरंच बघायची आहेत, त्याने! माझ्याकडे आधी अकरावीचं एनसीईआरटी, मग बारावीचं मंडळाचं पुस्तक. क्रम उलटा करायला कुणी आलं तर मी ऐकून घेत नाही.

दादाच्या जुन्या नोट्स वापरणं. 2024 च्या नीटपासून अभ्यासक्रमातले काही भाग गाळले गेले. गाळलेल्या धड्यांवर पंधरा दिवस घालवलेली मुलं मी बघितली आहेत.

वय. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 पूर्ण हवीत. जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर हे निकालानंतर काढायचे कागद नव्हेत.

आणि एक चूक फॉर्मात दिसत नाही. एमबीबीएस हुकलं म्हणून 'निदान व्हेटरनरी तरी' म्हणत येणारे. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप. मी अशा प्रत्येकाला आठवडाभर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवते. सकाळी आठला जायचं, खोड्यात घातलेल्या म्हशीजवळ उभं राहायचं, डॉक्टर खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाभण तपासणी करतात ती बघायची. मागच्या वर्षी एक मुलगी गेली. घरचे म्हणत होते, पोरीच्या जातीला हे जमायचं नाही. तिसऱ्या दिवशी ती शेणाने भरलेल्या चपलांनी थेट वर्गात आली आणि विचारलं, "मॅडम, वासरू आडवं आलंय हे हाताला कसं कळतं?" तिच्या वडिलांना मी तेव्हाच फोन केला. तिच्याबरोबर पाठवलेला मुलगा दुसऱ्या दिवशीच परत आला होता. त्याला आता बी.सी.ए. करायचंय, आणि त्याचंही बरंच झालं.

बदलायचं असेल तर जूनमध्ये या. डिसेंबरमध्ये मी जर्नलं तपासत असते.