बारापट लहान बेंटली : जुन्या किटची जोडणी आणि रंगकाम

एअरफिक्स या इंग्रजी कंपनीने १९३० च्या सुपरचार्ज्ड, साडेचार लिटर इंजिनाच्या बेंटली मोटारीचे १/१२ प्रमाणातले, सुटे भाग जोडून मॉडेल करायचे प्लॅस्टिकचे किट १९७१ साली बाजारात आणले. मूळ गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे ३.३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ते साडेसत्तावीस सेंटिमीटर येते. एवढ्या आकारात इंजिन, स्प्रिंगा, ब्रेकच्या दांड्या सगळे उघडे दिसत असल्यामुळे चूक झाकायला जागा उरत नाही. पुढील सूचना या किटला धरून लिहिल्या असल्या, तरी तारांच्या चाकांच्या कोणत्याही जुन्या मोटारीच्या किटला त्या थोड्याफार फरकाने लागू पडतील.

पहिली गोष्ट म्हणजे सूचनापत्रकावर आंधळा विश्वास ठेवू नये. त्यातला क्रम जोडणीचा असतो, रंगकामाचा नसतो. आणि अशा मॉडेलमध्ये खरी कसरत असते ती कोणता भाग चिकटवण्याआधी रंगवायचा आणि कोणता नंतर, हे ठरवण्याची. म्हणून डिंकाची बाटली उघडण्यापूर्वी सगळे मोठे भाग कोरडेच एकमेकांत बसवून पाहावेत, कागदी चिकटपट्टीने तात्पुरते धरून ठेवावेत आणि पत्रकावर पेन्सिलीने स्वतःचा क्रम लिहून काढावा. चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन वेगवेगळे रंगवून मग एकत्र आणणे, मडगार्ड शेवटपर्यंत सुटे ठेवणे, आतल्या आसनांचा रंग बॉडी बंद होण्याआधी पूर्ण करणे, हे निर्णय आधी झाले की पुढचे काम निम्म्याने हलके होते.

भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेलकट द्रव्य राहिले तर रंग धरत नाही. जुना साचा झिजलेला असला, की भागांच्या कडांना प्लॅस्टिकची पातळ झालर येते. ती धारदार पात्याने खरवडावी, कापू नये. स्प्रिंगांसारख्या नाजूक जागी सोनारकामाच्या बारीक कानशी फार उपयोगी पडतात. त्या सांगलीत सराफ कट्ट्याच्या आसपास चौकशी केल्यास मिळू शकतील, आणि परदेशी छंदसाहित्याच्या संचापेक्षा त्या मला अधिक भरवशाच्या वाटतात.

सर्वांत जास्त वेळ चासीला द्यावा. लांब दांड्या वर्षानुवर्षे खोक्यात राहून पिळवटतात, आणि तशाच जोडल्या तर गाडी तीन चाकांवर उभी राहते. दांडी हाताला चटका बसेल इतक्या, पण उकळत्या नव्हे अशा गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून हलकेच सरळ करावी आणि लगेच गार पाण्यात धरावी. त्यानंतर आडवे भाग सपाट काचेवर ठेवूनच चिकटवावेत. पॉलिस्टायरीनचा पातळ डिंक हा प्लॅस्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो, त्यामुळे तो वाळला असे वाटले तरी आत मऊ असतो. सांधा पूर्ण एक दिवस हलवू नये. दुसऱ्या दिवशी चाके नुसती अडकवून प्रत्येकाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहावी. एखादी पट्टी सहज निसटली, तर तिथला सांधा उकलून दुरुस्त करण्याची हीच शेवटची संधी असते.

चांदीसारखा चकचकीत मुलामा दिलेल्या भागांवर डिंक धरत नाही. सांध्यापुरता मुलामा खरवडणे पुरेसे असते. पण त्याखाली साच्याच्या रेषा फार दिसत असतील, तर घरगुती ब्लीचच्या द्रावणात भाग बुडवून सगळा मुलामा उतरवावा आणि नंतर धातुरंगाचा हात द्यावा. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि त्या ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

सांध्यांतल्या फटी लांबीने (फटी बुजवण्याच्या पुटीने) भरून, ४०० पासून सुरुवात करून १००० पर्यंतच्या वॉटर पेपरने (ओल्या घासकागदाने) घासून घ्याव्यात आणि मग अस्तर (प्रायमर) लावावे. गाड्यांच्या गॅरेजमधला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आणि त्याचा थिनर स्वस्त असला, तरी तो अस्तराशिवाय थेट मारल्यास प्लॅस्टिकला बारीक तडे पाडतो. मॉडेलसाठीचे रंग महाग असले तरी बॉडीपुरते तेच घ्यावेत. एअरब्रशचा (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाचा) दाब १५ ते २० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवून अनेक पातळ हात द्यावेत.

रंगकामाचा दिवस निवडताना सांगलीची हवा विचारात घ्यावीच लागते. पावसाळ्यात झटपट वाळणाऱ्या लॅकर रंगावर पांढुरकी साय धरते आणि एप्रिलच्या दुपारी रंगाचे थेंब बॉडीवर पोहोचण्याआधीच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर काम उरकावे. हिवाळा सर्वांत सोयीचा वाटतो, पण तोच गळिताचा हंगाम असतो आणि पेटवलेल्या उसाच्या फडाची काळी, पिसासारखी राख वाऱ्याबरोबर गच्चीपर्यंत येते. रंग झाल्याबरोबर भागावर उलटे खोके झाकावे. तरीही ओल्या रंगावर राखेचा कण बसलाच, तर तो बोटाने टिपू नये, कारण तो चुरून काळा ओरखडा उमटतो. रंग पूर्ण कडक होऊ द्यावा, मग २००० चा ओला वॉटर पेपर फक्त तेवढ्या ठिकाणी फिरवावा आणि वर एक पातळ हात द्यावा.

बॉडीचा गडद हिरवा रंग बाटलीतला जसाच्या तसा मारला तर लहान आकारात तो जवळजवळ काळा दिसतो; त्यात थोडा फिकट हिरवा मिसळावा. आरशासारख्या चकाकीचा मोह मात्र टाळावा. साडेचार लिटर बेंटलीच्या व्हॅन्डेन प्लास या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने बांधलेल्या खुल्या बॉड्या लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेल्या असत, त्यामुळे बॉडीला अर्धचकाकी आणि धातूच्या मडगार्डांना थोडी अधिक चकाकी, हा फरक ठेवला तर मॉडेल खरे वाटते.

चाकांच्या तारा आधी रंगवून, अगदी पातळ केलेला काळा रंग मध्यभागी सोडावा. तो खाचांत उतरला की तारा उठून दिसतात. मऊ टायरमधले द्रव्य कालांतराने प्लॅस्टिकची धाव (चाकाची बाहेरची कडी) वितळवते, म्हणून टायर बसवण्यापूर्वी धावेवर रंगाचा पूर्ण थर असावा. जुनी पाणचिन्हे (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची छापील चित्रे, म्हणजे डीकल) पिवळी पडली असल्यास काचेच्या तावदानाला आतून चिकटवून काही दिवस ऊन द्यावे, आणि पाण्यात तुकडे होऊ नयेत म्हणून वर आधी पारदर्शक वार्निशचा हात द्यावा. पुढची काच सर्वांत शेवटी आणि पांढऱ्या फेविकॉलनेच बसवावी. झटपट चिकटणाऱ्या डिंकाच्या वाफेने ती कायमची धुरकट होते.