इस्मत चुगताई मराठी वाचकांनी कशा वाचाव्यात

उर्दू लिपी येत नाही, एवढ्याच कारणाने इस्मत चुगताई यांच्या कथा वाचायच्या राहून गेलेले पुष्कळ मराठी वाचक माझ्या ओळखीत आहेत. ठाण्यात, नौपाड्यात, आम्ही आठ जणी महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमून वाचन करतो, आणि आमच्यापैकीही कोणाला ती लिपी येत नव्हती. तरीही गेले वर्षभर आम्ही इस्मत आपांचे (आपा म्हणजे थोरली बहीण) साहित्य वाचले. त्यातून जी पद्धत बसत गेली ती इथे मांडते आहे. त्या पद्धतीत सर्वांत महत्त्वाचे आहे ते मोठ्याने वाचणे, कारण ही लेखिका अंगणात, माजघरात, स्वयंपाकघरात बायका जशा बोलतात ते नेमके ऐकून लिहिणारी आहे.

पहिले काम संहिता मिळवण्याचे. पुस्तक हाती घेताच ते देवनागरी लिप्यंतर आहे की हिंदी अनुवाद, हे पाहावे आणि शक्यतो लिप्यंतरच घ्यावे, कारण अनुवादात उर्दू शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आले की त्या बायकांचा आवाजच हरवतो. ‘रेख्ता’ या संकेतस्थळावर त्यांच्या अनेक कथा देवनागरीत वाचायला मिळतात आणि तिथेच शब्दांचे अर्थही पाहता येतात. नुक्त्याचा, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचा, बाऊ करू नये. ‘बाजार’ किंवा ‘जमीन’ म्हणताना आपण मराठीत जो ज उच्चारतो तो ज़च्या अगदी जवळचा आहे. ख़ आणि ग़ मात्र एखाद्या जाणकाराकडून ऐकूनच शिकावेत.

सुरुवात ‘चौथी का जोड़ा’ या कथेने करावी, असे माझे ठाम मत आहे. लग्नानंतरच्या चौथ्या दिवसाच्या विधीला ‘चौथी’ म्हणतात आणि त्या दिवशी नवरी जो पोशाख घालते तो हा जोडा, एवढे आधी सांगून ठेवले की पुरते. कथेच्या अगदी पहिल्या ओळीत ‘सहदरी’ आणि ‘जाज़िम’ हे शब्द येतात, आणि लगोलग ‘दालान’ येतो. यांपैकी सहदरी, म्हणजे तीन दारांची पडवी, एवढाच शब्द आम्हाला शोधावा लागला. जाज़िम म्हणजे आपली जाजम आणि दालान म्हणजे आपले दालन, हे लक्षात आले तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वयस्कर काकूंनी पुस्तक मांडीवर ठेवून लहानपणी वाड्यात लग्नाच्या याद्या करताना अंथरली जाणारी जाजम कशी होती, तिला कडेने कसली पट्टी होती, हे सांगायला सुरुवात केली. म्हणूनच पहिल्या वाचनात दर पानाला शब्दकोश उघडू नये. वाचता वाचता ओळखीच्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढत जावे; शेवटी पान पाहिले की निम्म्याहून अधिक शब्द आपल्याच घरातले निघतात.

मोठ्याने वाचण्याची जबाबदारी मात्र विचारपूर्वक द्यावी. आमच्या एकीच्या ओळखीतल्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका मुंब्र्याला राहतात. ठाण्याहून धीम्या गाडीने कळवा सोडले की पुढचेच स्थानक मुंब्रा, पण इतकी वर्षे आमच्यापैकी बहुतेक जणी तिथे कधी उतरल्याच नव्हत्या. बाजींनी (बाजी म्हणजे ताई; आम्ही त्यांना तसेच म्हणू लागलो) ही कथा आम्हाला वाचून दाखवली. कुबराची आई अपुऱ्या कापडातूनही पुरेसा कपडा बेतून देणारी म्हणून साऱ्या मोहल्ल्यात नावाजलेली आहे. घरात पाहुणा म्हणून आलेल्या राहतला जावई करण्याच्या आशेने ती दागिने विकून त्याला चांगलेचुंगले खाऊ घालते. तो खातो, पितो आणि दुसरीकडे ठरलेल्या लग्नासाठी निघून जातो. क्षयाने पोखरलेली कुबरा मरते, आणि ज्या चौकीवर चौथीचा जोडा बेतायचा त्याच चौकीवर आई मुलीचे कफन बेतते. तिथे बाजींचा आवाज अजिबात चढला नाही. कापड बेतणारी बाई जशी मापे सांगते तशा सुरात त्यांनी तो शेवट वाचला, आणि हा मजकूर कसा वाचायचा हे आम्हाला त्या दिवशी समजले. आपल्या आसपास असे कोणी असेल तर त्यांना अवश्य बोलवावे, आणि वाचून झाल्यावर निदान पाच मिनिटे कोणीही चर्चा सुरू करू नये.

आमची चूकही सांगायला हवी. आम्ही सुरुवात ‘लिहाफ’ने, म्हणजे ‘रजई’ या कथेने, केली होती. १९४२ साली ‘अदब-ए-लतीफ’ या मासिकात आलेल्या या कथेवर अश्लीलतेचा आरोप होऊन लाहोरच्या न्यायालयात खटला चालला, आणि उर्दू कथाकार सआदत हसन मंटोही ‘बू’ या कथेसाठी त्याच न्यायालयात आरोपी होते. इस्मत आपांनी माफी मागितली नाही. कथेतला अश्लील शब्द साक्षीदारांना दाखवता आला नाही आणि खटला टिकला नाही. हे सारे इतके रंजक आहे की आमची पहिली बैठक खटल्यावरच संपली, आणि रजईच्या हलत्या सावलीकडे पाहणारी ती लहान मुलगी व नवऱ्याने अडगळीसारखी टाकलेली बेगमजान, दोघीही बाजूला राहिल्या. ‘लिहाफ’ चौथ्या किंवा पाचव्या बैठकीला घ्यावी. तोवर लेखिकेचा आवाज कानात बसलेला असतो.

जीवनपट एका पानात मावेल एवढाच तयार करावा. जन्म २१ ऑगस्ट १९१५, बदायूँ. दहा भावंडांतल्या त्या नवव्या. थोरले भाऊ अज़ीम बेग चुगताई स्वतः लेखक होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर बहिणीने लिहिलेला ‘दोज़ख़ी’ हा लेख इतका निर्भीड आणि इतका मायेचा आहे की तो या पानाला जोडूनच वाचावा. लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजातून पदवी, अलीगढला अध्यापनाचे शिक्षण, लेखिका आणि डॉक्टर रशीद जहाँ यांचा प्रभाव, मुंबईत शाळा तपासनीसाची नोकरी, १९४२ साली शाहिद लतीफ यांच्याशी विवाह, १९७६ साली पद्मश्री, २४ ऑक्टोबर १९९१ रोजी मुंबईत निधन. त्यांच्या इच्छेनुसार चंदनवाडीत दहन झाले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी आपल्या याच मुंबईत काढला, हे माहीत नसलेले वाचक पाहून मला अजूनही वाईट वाटते.

चर्चेसाठी ‘नन्ही की नानी’ ही कथा सर्वांत फलदायी ठरते. या बाईला जन्मभर स्वतःचे नाव लाभत नाही. आधी कोणाची पोर, मग कोणाची सून, मग कोणाची आई आणि शेवटी नन्हीची आजी, एवढीच तिची ओळख. प्रत्येकीने आपल्या आजीचे माहेरचे नाव एका चिठ्ठीवर लिहावे, असे मी सुचवले. आठ जणींपैकी तिघींना ते आठवेना, आणि एकीने तिथूनच गावी आत्याला फोन लावला. या फोननंतर आम्हाला प्रश्नावलीची गरज उरली नाही.

‘टेढ़ी लकीर’ ही कादंबरी मोठी आहे, तिला तीन महिने द्यावेत आणि तिची नायिका शम्मन हिचे बालपण घाईने उरकू नये. एक बैठक एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’ या चित्रपटासाठी ठेवावी. तो इस्मत आपांच्या अप्रकाशित कथेवर आधारलेला आहे, आणि फाळणीवरची ‘जड़ें’ ही कथा त्याच्या आधी वाचली तर दोन्हींतली म्हातारी माणसे घर का सोडत नाहीत ते अधिक उमगते.

‘काग़ज़ी है पैरहन’ हे आत्मकथन शेवटी घ्यावे. हे शीर्षक ग़ालिबच्या दीवानातल्या, म्हणजे काव्यसंग्रहातल्या, पहिल्याच शेरातले आहे. प्राचीन इराणात फिर्यादी कागदाची वस्त्रे घालून बादशहासमोर उभा राहत असे, या समजुतीवर तो शेर बेतलेला आहे. बाजींनी शेर म्हणून दाखवला आणि त्या अर्थ सांगू लागणार तोच काकू म्हणाल्या, “थांबा, फिर्यादी कळला, कागद कळला, आणि पैरहन म्हणजे आमच्या आजोबांची पैरण.”