खान्देशच्या उन्हाळ्यात टिकेल असं ॲल्युमिनियमचं पीसी कॅबिनेट घरी कसं बनवायचं

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ ला टेकतो, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत पीसी असेल तर कॅबिनेटमध्ये शिरणारी हवाच ४० डिग्रीची असते. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानाच्या वर चढतं, म्हणजे २५ डिग्रीच्या खोलीत लोडवर ७० दाखवणारा प्रोसेसर ४० च्या खोलीत तेच काम करताना ८५ च्या आसपास जाणार, आणि बाजारातली समोरून काच लावलेली कॅबिनेटं घेतली तर पंखे काचेमागे कोंडलेले, त्यांना ओढायला हवाच नाही. म्हणून मी दिवाळीनंतर बसून ॲल्युमिनियमचं कॅबिनेट स्वतः बनवलं. होळीपर्यंत पुरलं ते काम, कारण फक्त रविवार मिळायचा. आता कसं केलं ते सगळं सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. ॲल्युमिनियम उष्णता चांगली वाहून नेतं हे खरं, पण म्हणून नुसत्या ॲल्युमिनियमच्या पेटीने प्रोसेसर थंड होत नाही, कारण प्रोसेसर पेटीला चिकटलेलाच नसतो. थंडावा येतो तो हवेच्या वाटेने. ॲल्युमिनियम घ्यायचं ते हलकं आहे, गंजत नाही आणि हॅक्सॉ, कानस, ड्रिल एवढ्यावर घरी कापता येतं म्हणून. कॅबिनेट म्हणजे आधी हवेची वाट आणि मग तिच्याभोवतीची पेटी, हे डोक्यात ठेवून मापं काढली की निम्मं काम झालं.

मापं. मायक्रो एटीएक्स मापाचा मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड म्हणतो) २४४ बाय २४४ मिमी असतो, फुल एटीएक्स ३०५ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. साध्या एटीएक्स पॉवर सप्लायची रुंदी १५० आणि उंची ८६ मिमी, लांबी मात्र कंपनीनुसार १४० पासून पुढे कितीही, त्यामुळे तुमच्याकडचा हातात घेऊन मोजा. मी मायक्रो एटीएक्स धरून बाहेरून ४०० उंच, ४०० खोल आणि २२० रुंद असं माप घेतलं. खाली पॉवर सप्लाय, त्यावर बोर्ड, वर चार बोटं मोकळी जागा. २२० रुंदीमुळे प्रोसेसरवरचा १५५ मिमी उंचीचा टॉवर कूलर आरामात बसतो आणि बोर्ड ज्या पत्र्यावर बसतो त्या ट्रेमागे केबल लपवायला दोन-अडीच सेंटीमीटर उरतात. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची लांबी अधिक समोरच्या पंख्याची २५ मिमी जाडी अधिक केबलला वळायला जागा, हा हिशोब खोलीच्या मापात बसलाच पाहिजे.

पत्रा आणायच्या आधी पुठ्ठ्याचं कॅबिनेट बनवा. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, पूर्ण मापात कापा, चिकटपट्टीने जोडा आणि सगळे पार्ट आत ठेवून बघा. मला पुठ्ठ्यातच कळलं की पॉवर सप्लायच्या केबल ज्या बाजूला निघतात तिथे हात जात नाही, मग ट्रे १५ मिमी वर सरकवला. पुठ्ठ्यात हे दहा मिनिटांचं काम, पत्र्यात अख्खा पॅनल वाया गेला असता.

माल कुठे मिळतो? स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्यांकडे जा. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, कुठेही ॲल्युमिनियम सेक्शनचं काम करणारे आहेत आणि त्यांच्याकडे अँगल, यू चॅनल, चौकोनी पाईप यांचे उरलेले तुकडे पडलेले असतात, ते वजनावर देतात. हे सेक्शन बहुतेक ६०६३ ग्रेडचे (हा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा नंबर) असतात, फ्रेमसाठी एकदम योग्य. फ्रेमला २० बाय २० चा, २ ते ३ मिमी जाडीचा अँगल घ्या. बारा कडांचा हिशोब केला तर या मापाला ४ मीटरच्या थोडं वर लागतो, ५ मीटर घेऊन या म्हणजे एखादा तुकडा चुकला तरी परत फेरी नाही. पॅनलला २ मिमी पत्रा, दुकानदार गेजमध्ये बोलला तर १४ गेज म्हणजे जवळपास २ मिमी आणि १६ गेज म्हणजे १.६. ४ बाय ४ फुटांच्या तुकड्यात सगळे पॅनल आणि ट्रे निघतो. २ मिमी पत्रा चौरस मीटरला ५.४ किलो भरतो, सगळं मिळून पत्र्याचं वजन साडेचार किलोच्या आतच राहतं. वाकवायचं असेल तर ६०६१ टी६ पत्रा घेऊ नका, तो घट्ट बेंडला तडकतो, ५०५२ किंवा साधा मऊ पत्रा घ्या.

कापायला जिगसॉ आणि धातूचं बारीक दात्यांचं ब्लेड. ब्लेडला मेणबत्ती घासत राहा, नाहीतर ॲल्युमिनियम वितळल्यासारखं दात्यांत अडकून बसतं आणि मग ब्लेड कापत नाही, नुसतं घासतं. लोखंडाच्या ग्राइंडिंग चाकावर ॲल्युमिनियम अजिबात घासू नका, ते चाकात भरतं, चाक तापतं आणि फुटू शकतं. शिवाय लोखंडाचा आणि ॲल्युमिनियमचा बारीक भुसा एकत्र साठून त्यावर ठिणगी पडणं हा सरळ आगीचा धोका आहे. डोळ्याला चष्मा पाहिजेच. ड्रिल करताना पत्रा लाकडी फळीवर क्लॅम्पने आवळा, हाताने धरू नका, बिट अडकलं की पत्रा पंख्यासारखा फिरतो आणि बोटं कापतो. प्रत्येक होलला आधी सेंटर पंच, मग ३ मिमी बिट, मग मोठं. होलची धार काढायला १० मिमीचं बिट हातात धरून दोन वेळा फिरवलं की काम होतं.

सगळ्यात नाजूक काम बोर्डच्या होलचं. एक मिमी इकडेतिकडे झालं तर स्क्रू लागत नाही, आणि मागच्या प्लेटमधून यूएसबीची तोंडं वाकडी दिसतात. इंटरनेटवरची ड्रॉइंग प्रिंट करून चिकटवायच्या भानगडीत पडू नका, प्रिंटर शंभर टक्के मापात छापेलच असं नाही. त्यापेक्षा भंगारवाल्याकडून एक जुनं मेलेलं कॅबिनेट आणा. त्याचा ट्रे आणि मागची बाजू रिव्हेट फोडून वेगळी केली की तुमच्या हातात तयार साचा येतो. तो तुमच्या पत्र्यावर क्लॅम्प करा आणि होलमधून होल मारा. आय/ओ शील्डचं, म्हणजे यूएसबी वगैरेंच्या मागच्या प्लेटचं तोंड १५८.७५ बाय ४४.४५ मिमी असतं, कार्डच्या दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी, साच्यावरून आखल्यावर या आकड्यांशी ताडून बघा. स्टँडऑफसाठी, म्हणजे बोर्ड ट्रेपासून उचलून धरणाऱ्या छोट्या खांबांसाठी, एम३ (३ मिमीचे आटे) घेणार असाल तर २.५ मिमी बिट आणि मग टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार. टॅपला तेल लावा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत न्या, घाई केली तर टॅप आत तुटतो आणि तो काढणं फार त्रासाचं. जिथे पॅनल पुन्हापुन्हा उघडायचा आहे तिथे २ मिमी पत्र्यात आटे टिकत नाहीत, तिथे एम४ चे रिव्हेट नट (पत्र्यात घट्ट बसणारे आटेवाले नट) बसवा, त्यांना ६ मिमीचं होल लागतं.

एक गोष्ट माझ्याकडून चुकली ती सांगतोच. साच्यावर फुल एटीएक्सची होलं होती, मी त्या नादात एक स्टँडऑफ जास्तीचा बसवला. बोर्ड चालूच होईना. दोन तास रॅम काढ, घाल. शेवटी बोर्ड उचलला तर तो जास्तीचा स्टँडऑफ बोर्डाच्या मागे टेकलेला, शॉर्ट. बोर्ड वाचला, पण जीव खाली-वर झाला. जितकी होलं बोर्डाला तितकेच स्टँडऑफ, मोजून.

फ्रेम ३.२ मिमीच्या पॉप रिव्हेटने जोडा, होल ३.३ चं. एक कोपरा जोडला की गुण्या लावायचा, मग समोरचा कोपरा, आणि कर्ण दोन्ही बाजूने सारखे येतात का ते मोजूनच बाकीचे रिव्हेट मारायचे. इथे वेळ घालवा.

वरचा आणि दोन्ही बाजूंचा पॅनल मी एकाच पत्र्यात यू आकारात वाकवून घेतला, आणि त्यासाठी गेलो कूलर बनवणाऱ्याकडे. आपल्याकडे लोखंडी कूलरच्या बॉडी गावोगाव बनतात आणि त्यांच्याकडे पत्रा कापायचं आणि वाकवायचं मशीन असतं. फक्त थंडीत जा, होळीनंतर त्यांच्याकडे उभं राहायला जागा नसते. काका पत्रा उलटासुलटा करून म्हणाले, "हाई काय शे भो, कूलर का पेटी?" कॉम्प्युटरनी पेटी शे म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून आधी लोखंडाचा बारीक चुरा मशीनवरून पुसून काढला, कारण तो मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततो आणि ओरखडे पडतात. बेंडचं माप काढायची युक्तीही त्यांचीच: त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी घ्या, मधोमध वाकवा, दोन्ही बाजू बाहेरून मोजा आणि बेरीज करा. बेरीज १०० पेक्षा जितकी जास्त भरेल तितकं प्रत्येक बेंडमागे पत्रा कापताना कमी करायचं. दुसऱ्याच्या कोष्टकापेक्षा हे खात्रीचं, कारण मशीन आणि पत्रा तुमचाच असतो.

आता समोरची बाजू, म्हणजे मुख्य मुद्दा. तिथे पत्रा नकोच, होलवाली जाळी लावा, होल जास्त आणि धातू कमी अशी निवडा. जाळीच्या मागे १२० मिमीचे दोन पंखे आत हवा घेणारे, आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला १२० चा एक बाहेर टाकणारा. १२० च्या पंख्याच्या स्क्रूहोलमधलं अंतर १०५ मिमी, १४० च्या पंख्याला १२४.५. आत येणारी हवा जास्त ठेवायची, म्हणजे आत दाब राहतो आणि फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. उन्हाळ्यातली वावटळ आणि कापसाच्या सीझनला जिनिंगच्या बाजूने उडणारा तंतू, दोन्ही आपल्याकडे भरपूर, त्यामुळे फिल्टर हवाच. पण बाजारातले चुंबकाचे फिल्टर ॲल्युमिनियमला चिकटत नाहीत, हे मला घेऊन आल्यावर लक्षात आलं. मग खिडकीवाल्याकडून बारीक यू चॅनल आणलं, दोन्ही बाजूंना रिव्हेट केलं आणि नायलॉनच्या बारीक जाळीची चौकट त्यात वरून सरकवली. आठवड्याला काढायची, नळाखाली धुवायची, वाळवून परत. मच्छरदाणीची जाळी या कामाला फार मोकळी पडते.

फिनिशिंगला मी २४० नंबर आणि मग ४०० नंबर पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात एकाच दिशेने ओढला, सुंदर रेघा येतात. ॲनोडायझिंग (ॲसिडच्या टाकीत विजेने ॲल्युमिनियमवर कठीण थर चढवणं) करायचं असेल तर रिव्हेट मारायच्या आधी सुटे पार्ट द्या, लोखंडाचा भाग त्या ॲसिडच्या टाकीत चालत नाही. आणि ॲनोडायझिंग असो की पावडर कोटिंग, दोन्हीतून वीज जात नाही, म्हणून पॉवर सप्लायचे स्क्रू आणि स्टँडऑफ जिथे बसतात तिथे थर खरवडून उघडा धातू ठेवा.

अर्थिंगचं हलक्यात घेऊ नका. पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटच्या धातूवर व्होल्टेज येतं आणि हात लावला की झिणझिण्या येतात. प्लास्टिक-रंगाच्या कॅबिनेटमध्ये ते जाणवत नाही, उघड्या ॲल्युमिनियमला लगेच जाणवतं. तीन पिनचं सॉकेट, आणि त्याची अर्थिंग खरंच जोडलेली आहे हे वायरमनकडून तपासून घ्या. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठाक होते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा.

बोर्ड बसवायच्या आधी रिकामं कॅबिनेट साबणाच्या पाण्याने धुवा, कोपऱ्याकोपऱ्यातून ब्रश फिरवा, एक दिवस उन्हात ठेवा. अँगलच्या खाचेत लपलेला एक बारीक कीस सुद्धा बोर्डवर पडला तर शॉर्ट करतो. पॉवर बटण १६ मिमीचं, दाबून सोडलं की सुटणारं घ्या, दाबलेलंच राहणारं चालत नाही. त्याच्या दोन वायरींना उलटसुलट नसतं, एलईडीच्या वायरींना असतं.

पहिल्यांदा चालू केल्यावर बाजूचा पॅनल उघडा ठेवून आणि मग लावून, दोन्ही वेळी अर्धा तास लोड टाकून तापमान बघा. पॅनल लावल्यावर दोन-तीन डिग्रीचा फरक पडला तर हवेची वाट बरोबर आहे. आठ-दहा चढलं तर समोर हवा कमी पडतेय किंवा केबलचा गठ्ठा पंख्यासमोर आलाय. आणि खोलीत कूलर असेल तर त्याचा झोत सरळ कॅबिनेटच्या जाळीवर घेऊ नका, बोरिंगच्या पाण्याचे तुषार आत जाऊन बोर्डवर पांढरे डाग धरतात. मी पीसी कूलरच्या बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवलाय, तिथे हवा गार मिळते आणि ओल पोहोचत नाही.